खासबागची भेळ आणि शेजारचं नाट्यगृह

कोल्हापुरात खासबागच्या खाऊगल्लीत काल एका गाड्यावर भेळ खाल्ली, चव म्हणाल तर नाद खुळा, चिरमुरे कुरकुरीत, चिंचेचं पाणी बेताचं, वर बारीक कांदा नि कैरी, फक्त तिखट आधीच कमी सांगा नाहीतर डोळ्यातनं पाणी येतंय. बसायला जागा नाही, एक स्टार तिथं कापला.

पण खरं सांगू का, आम्ही इथं नुस्तं भेळ खायला येत नाही. शेजारी केशवराव भोसले नाट्यगृह, शाहू महाराजांनी बांधलेलं, 1915 चं, तेव्हाचं पॅलेस थिएटर. नाटक सुटलं की आबा आम्हाला थेट इथंच आणायचे. 8 ऑगस्ट 2024 ला रात्री ते जळालं, दुसऱ्या दिवशी केशवरावांची, म्हणजे ज्या गायक-नटाचं नाव त्याला दिलंय त्यांची, जयंती होती बघा, आणि माझी आई, जिनं तिथं आयुष्यात दोनच नाटकं बघितली असतील, ती टीव्हीसमोर बसून रडत होती, जणू घरातलंच कोण गेलंय. भेळवाल्या मामांनीपण काल तोच विषय काढला, पुडी बांधता बांधता हात थांबला त्यांचा. मी दोन पार्सल घेतली, मामांनी पैसे एकाचेच घेतले.