रोगाचं नाव राहू दे, आधी जागा सांग: जनावरांच्या न्यूरॉलॉजीचा सहा महिन्यांचा कोर्स

मी कराडला प्रॅक्टिस करते. सकाळी दवाखान्यात कुत्री-मांजरं, दुपारनंतर गाडी काढून गोठे. शिरवळच्या कॉलेजातून बाहेर पडले त्याला 19 वर्षं झाली. पोट, कास, कातडी, गाभण-व्यायलेली यांत हात बसलाय. पण "मॅडम, ह्याचे मागचे पाय गेलेत" म्हणत कुणी कुत्रं चादरीत घालून आणलं की माझ्याच पोटात गोळा यायचा. मग मिथाइलकोबालामिन, म्हणजे बी-12, वर स्टेरॉइड, आणि "आठ दिवस बघू". खोटं कशाला सांगू, आमच्यातल्या निम्म्या लोकांची न्यूरॉलॉजी एवढ्यातच आटपते.

म्हणून मागच्या वर्षी हा कोर्स घेतला. युरोपातली संस्था, जून ते नोव्हेंबर ऑनलाइन वर्ग, शेवटी पुण्यात तीन दिवस प्रात्यक्षिक. फी 74,000, दोन हप्त्यांत. संस्थेचं नाव इथे लिहीत नाही, कारण खाली तक्रारी आहेत आणि तिथल्या शिकवणाऱ्या बाईंशी माझा अजून पत्रव्यवहार चालतो. कोर्स चांगला आहे का? हो. आपल्यासाठी केलेला आहे का? नाही.

पहिल्याच महिन्यात एक केस लिहून पाठवायची होती, व्हिडिओसकट. मी एका पगची पाठवली आणि निदान म्हणून ठोकून दिलं, मणक्याची गादी सरकली. बाईंचं उत्तर दोन ओळींचं आलं. तू रोगाचं नाव लिहिलंस, जागा कुठे लिहिलीस? रोगाचं नाव राहू दे, आधी जागा सांग. मला राग आला, मग लाज वाटली. कारण बिघाड नक्की कुठल्या भागात आहे, ती जागा मी शोधलीच नव्हती. चेहरेपट्टीवरून जात ओळखावी तसं जातीवरून रोग ओळखून मोकळी झाले होते.

पुढचे सहा महिने तेच चाललं. मेंदू, मानेचा वरचा भाग, मान आणि पुढच्या पायांचा भाग, छाती-कमरेचा मधला भाग, त्यामागचा भाग. मेंदू आणि पाठीच्या कण्यातल्या जागा एवढ्याच, आणि कुत्र्याला उभं करून, चालवून, पंजा उलटा ठेवून, गुडघ्याखाली हातोडी मारून त्यातली एक पक्की करायची. ती ठरली की मग रोगांची यादी काढायची. कॉलेजात हे शिकवलं होतंच, पाचव्या सेमिस्टरला की कधीतरी. पण एक तर परीक्षेपुरतं, आणि आमच्या वेळी हातोडी होती ती कपाटात.

आता ज्या गोष्टीसाठी मी 74,000 परत भरेन, ती सांगते.

लकवा झालेल्या कुत्र्याच्या बोटाला आर्टरीने, म्हणजे ऑपरेशनच्या पकडीने, चिमटा काढला आणि त्याने पाय ओढून घेतला, तर त्याला कळतंय असं आपण धरतो. मी कित्येक वर्षं धरत होते. चूक आहे. पाय ओढणं ही कण्याच्या त्या तुकड्यातल्या तुकड्यात होणारी क्रिया आहे. चिमट्याची खबर कण्यापर्यंत जाते, तिथूनच हुकूम परत येतो, डोक्यापर्यंत काही पोचण्याची गरजच नाही. वरती कणा पुरता बंद पडला असेल तरी पाय ओढला जाईल, उलट जास्त जोरात. कुत्र्याला कळलं असं केव्हा म्हणायचं? ते वळून बघेल, कण्हेल, चावायला येईल, निदान त्याच्या बुबुळात फरक पडेल तेव्हा. चिमटा काढताना पायाकडे नाही, तोंडाकडे बघायचं. एवढं साधं.

आणि यावर सगळं अवलंबून असतं. गादी फुटून लकवा झालेल्या कुत्र्यात ही खोल वेदना, म्हणजे चिमटा डोक्यापर्यंत कळणं, शाबूत असेल तर ऑपरेशननंतर दहातली नऊ चालायला लागतात. गेली असेल तर ऑपरेशन करूनही साधारण निम्मी. तिथे तास मोजायचे असतात, आठ दिवस नाही.

चिमट्यावरचा हा कोर्सचा व्हिडिओ मी रात्री बघितला आणि मला राजा आठवला. सात-आठ वर्षांपूर्वीचा डॅशहुंड. मी त्याच्या मालकाला सांगितलं होतं, "पाय ओढतोय बघा, म्हणजे कळतंय त्याला, होईल बरा." त्या माणसाने चार महिने त्याला काखेत घेऊन लघवीला नेलं. राजा चालला नाही. त्या दिवशी मी बघितलं असतं तर काय झालं असतं ते सांगता येत नाही, पण मी त्या माणसाला जे सांगितलं ते माहितीवर नव्हतं, एवढं नक्की. त्या रात्री झोप लागली नाही.

ऑगस्टमध्ये सोन्या आला. मलकापूरचे एक निवृत्त गुरुजी, त्यांचा पाच वर्षांचा डॅशहुंड. आमच्याकडे सगळे त्याला डॅशनच म्हणतात. सकाळी कॉटवरून उडी मारली, संध्याकाळी मागचे दोन्ही पाय ओढत होता. या वेळी मी क्रमाने गेले. पुढचे पाय ठीक. मागच्या पायांचे गुडघ्याचे झटके जोरकस. म्हणजे जागा छाती-कमरेच्या मधल्या भागात. मग पाठीच्या दोन्ही अंगांना मागून पुढे चिमटे काढत गेले. कमरेच्या दुसऱ्या मणक्यापर्यंत कातडी गप्प, त्याच्या पुढे थरथरली. खराबी त्याच्या थोडी पुढे असते, एक ते चार मणके. शेवटी बोटाला आर्टरी, आणि नजर तोंडावर. सोन्याने मान वळवून माझ्या हाताला दात लावले. मला एवढा आनंद कधी चावून घेतल्यावर झाला नव्हता.

"गुरुजी, आत्ता निघा. पुण्याला फोन करते."

"उद्या सकाळी नको का? रात्रीचा घाट आहे, पोरी."

"आत्ताच निघा."

एमआरआयमध्ये छातीच्या तेराव्या आणि कमरेच्या पहिल्या मणक्यामधली गादी निघाली. मशीन नसताना, हातोडी आणि चिमट्यावर, मी दोन मणक्यांच्या अंतराने बरोबर होते. तीन आठवड्यांनी सोन्या डुलत डुलत दवाखान्यात आला. कॉटला आता पाय नाहीत, गादी जमिनीवर आहे.

स्टेरॉइडबद्दलही कान उपटले गेले. 2022 साली एसीव्हीआयएम या अमेरिकन तज्ज्ञसंस्थेचं गादी फुटण्यावरचं निवेदन आलं, त्यात या केसेसना स्टेरॉइडची शिफारस नाही, आणि ऑपरेशन न करता ठेवायचं तर निदान चार आठवडे बंदिस्त विश्रांती. चार आठवडे कुत्रं कोंडून ठेवा हे आपल्या मालकांना पटवणं औषध देण्याहून अवघड आहे, त्यावर मात्र कोर्समध्ये एक शब्द नव्हता. मी हल्ली कोंबड्यांच्या खुराड्याची उपमा देते, कळते लगेच.

म्हाताऱ्या कुत्र्यांच्या तोल जाण्यावरचा भाग छोटा होता, पण महिन्याभरात वसूल झाला. विद्यानगरचा 13 वर्षांचा लॅब्रेडॉर, मान एका बाजूला, डोळे आडवे हलतायत, उभं राहिलं की कोसळतोय. घरचे रडत आले, अटॅक आलाय, झोपवून टाका. पंजे ठीक होते, शुद्ध ठीक होती, डोळे उभे नाहीत, आडवेच हलत होते. कानाच्या आतल्या तोलाच्या यंत्रणेचं दुखणं वाटलं, थांबू म्हटलं. दहा दिवसांनी मान तिरकी ठेवून भाकरी खात होता.

आता तक्रारी. पहिली वेळेची. वर्ग तिकडच्या संध्याकाळी सातला, म्हणजे आपल्या साडेदहाला. दिवसभर गोठे करून रात्री साडेदहाला मेंदूच्या बारा नसा. बरं, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडे घड्याळ मागे करतात आणि साडेदहाचे साडेअकरा होतात, हे भारतातल्या कुणालाच त्यांनी कळवलं नाही. मी तासभर कोऱ्या स्क्रीनसमोर बसले आणि वर्ग सुरू झाला तेव्हा झोपले होते. व्हिडिओंचा संग्रह कोर्सचा प्राण आहे, चालीचे स्लो मोशनमधले नमुने तर अप्रतिम, पण एक वर्षाने कुलूप, आणि उतरवून घेता येत नाहीत. पुण्यातलं प्रात्यक्षिक 24 जणांना चार कुत्र्यांवर. मानेमागून मेंदू-कण्याभोवतीच्या पाण्याचा नमुना काढायला मृत कुत्र्यावर माझ्या वाट्याला दोन सुया आल्या, त्यातली एक नको तिथे गेली. कण्याचं ऑपरेशन फक्त पडद्यावर दाखवतात. ते शिकायला मिळेल म्हणून कुणी जाऊ नये.

नमुन्यावरून आठवलं. तो अर्ध्या तासात तपासा, पेशी फुटतात, असं व्याख्यानात होतं. कराड ते पुणे 160 किलोमीटर. मी विचारलं, तर बाईंनी दोन नळ्या करायला सांगितल्या. एकीत त्याच कुत्र्याचं थोडं सीरम घालायचं, पेशी टिकतात. दुसरी तशीच ठेवायची, प्रथिनं मोजायला. दोन्ही थंड. हे आधी विचारलं म्हणून मिळालं. छापील नोट्समध्ये नाही.

पण खरी तक्रार वेगळी आहे आणि ती गंभीर आहे. एका वर्गात जबडा लोंबलेल्या कुत्र्याचा व्हिडिओ दाखवला. तोंड मिटत नाही, लाळ गळते. जबड्याच्या नसेचा दाह, घाबरू नका, हाताने भरवा, दोन-तीन आठवड्यांत आपोआप बरं होतं. व्हिडिओतली डॉक्टर उघड्या हातांनी तोंडात बोट घालून दाखवत होती. मी जागच्या जागी उठले. आमच्याकडे जबडा लोंबलेलं कुत्रं म्हणजे आधी रेबीज. नंतर दुसरं काहीही. रेबीजसाठी सहा महिन्यांत एक ओळ होती, "जिथे आढळतो तिथे विचारात घ्यावा". इथे तो आढळत नाही, इथे तो राहतो. आणि फक्त कुत्र्यात नाही. म्हैस हंबरतेय, लाळ गळतेय, गिळत नाही, तर घशात काही अडकलं असेल म्हणून कोपरापर्यंत हात घालणारे शेतकरी मी दरवर्षी बघते, आणि मग घरादाराला इंजेक्शनं घ्यायला पाठवते. मी हे वर्गात लिहिलं. त्यांनी पुढच्या वर्गाच्या सुरुवातीला वाचून दाखवलं, आणि व्हिडिओवर आता सूचना आली आहे म्हणे. तरी नव्या मुलामुलींनो, हा कोर्स घेतलात तर आधी स्वतःच्या लसी पूर्ण करा. हातमोजे घाला.

डिस्टेंपर या कुत्र्यांच्या विषाणूच्या रोगाचीही तीच गत. झटके देणारं पिल्लू आठवड्याला एक तरी येतं माझ्याकडे, त्यांच्याकडे एक स्लाइड. आणि गाय, बैल, मेंढी यांना जणू मेंदूच नसतो. एकाच बाजूला गोल फिरणारी मेंढी, जिच्या डोक्यात कुत्र्याच्या पट्टकृमीचा फुगा वाढतोय, ती माणदेशातून येणाऱ्या कुठल्याही धनगराला माहीत आहे. कोर्सला नाही.

म्हणून शेवटची केस मी मुद्दाम बैलाची पाठवली. उसाच्या गाडीचा बैल, गळिताचा हंगाम नुकताच सुरू झालेला. खांदेसूज समजून मालक हळद-तेल लावत होता. पण पाय टेकला की खांदा बाहेर फेकला जायचा, आणि फऱ्याच्या हाडावरचं मांस उतरून त्या हाडाची मधली कड बोटाला लागत होती. खांद्यावरून जाणारी नस दुखावलेली. जागा आधी लिहिली, कारण नंतर: गाडी खड्ड्यात गेली तेव्हा जोखडाचा हिसका. दोन महिने काम बंद सांगितलं. मालक म्हणाला, "ताई, दोन महिन्यांत हंगाम जातोय की माझा." त्याला काय उत्तर देणार. त्याने दुसरा बैल भाड्याने आणला, या बैलाला वैरण घालत ठेवला, एवढं मोठेपण त्याचं.

बाईंचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. जागा बरोबर आहे, पूर्ण गुण. आणि खाली एक विनंती, मी हे उपकरण प्रत्यक्ष कधी पाहिलेलं नाही, ते मानेवर नक्की कुठे बसतं याचा फोटो मिळेल का? मी कारखान्याच्या रस्त्याला थांबलेल्या गाड्यांमध्ये जाऊन जोखडाचे चारी बाजूंनी फोटो काढले, शिवळा, म्हणजे जोखडाच्या खुंट्या, कुठे येतात ते बाण काढून दाखवलं आणि पाठवले. पुढच्या बॅचला मोठ्या जनावरांचा एक तास ठेवायचा विचार आहे, असं त्या लिहितात. ठेवला तर तेवढ्या तासाला मी परत बसेन, साडेअकराला असला तरी.