घडीचे सोलर पॅनेल: वस्तू चांगली, जोडणी चुकीची

कॅम्परव्हॅनच्या १२ व्होल्ट बॅटरीसाठी १०० वॅटचे घडीचे सोलर पॅनेल आम्ही कोल्हापुरातील एका दुकानातून घेतले. पॅनेल उत्तम आहे. पन्हाळ्यावर स्वच्छ उन्हात दुपारी त्याने पाच अँपिअरच्या आसपास प्रवाह दिला. तक्रार आहे ती जोडणीबद्दल. पॅनेलच्या मागे चार्ज कंट्रोलर (पॅनेलची वीज बॅटरीला योग्य व्होल्टेजवर देणारे उपकरण) बसवलेला असतानाही विक्रेत्याने त्याची वायर गाडीतील चार्जरच्या सोलर इनपुटला जोडून दिली. त्या चार्जरमध्येही कंट्रोलर असल्याने एकामागे एक दोन कंट्रोलर आले आणि दुसऱ्याला पॅनेलचे सुमारे १८ व्होल्ट न मिळता पहिल्याने आधीच उतरवलेले व्होल्टेज मिळू लागल्याने चार्जिंग जवळजवळ ठप्प झाले. पॅनेलवरचा कंट्रोलर वगळताच अडचण मिटली. अर्थात त्याआधी चार्जरच्या इनपुटची कमाल मर्यादा तपासली, कारण भार नसताना, म्हणजे वीज घेणारे काही जोडलेले नसताना, असे पॅनेल २१-२२ व्होल्टपर्यंत चढते. कंट्रोलरला बॅटरी आधी आणि पॅनेल नंतर जोडावे, हा क्रमही दुकानात कोणी सांगितला नाही. बॅटरीजवळचा फ्यूज वेगळा घ्यावा लागला. वायर मात्र जाड आणि लांब मिळाली, त्यामुळे गाडी झाडाखाली उभी करून पॅनेल उन्हात मांडता येते. मे महिन्यात ही सोय फार मोलाची वाटली.