‘काका, तुमची चार्जिंगची पद्धत चुकते’ म्हणून दुसऱ्यांदा पैसे उकळले

बाबांनी रील्स बघता बघता एक स्मार्टवॉच मागवलं. 2000 एमएएच (बॅटरीच्या क्षमतेचं माप) बॅटरी, एकदा चार्ज केलं की पंधरा दिवस बघायला नको, किंमत 1,799 आणि पैसे पार्सल हातात आल्यावर. खोकं झकास होतं. पण संध्याकाळी फुल केलेलं घड्याळ सकाळी बाबा फिरायला निघेपर्यंत लाल रेषेवर यायचं.

व्हॉट्सॲपवर तक्रार केली, तर पलीकडचा माणूस अगदी साखर पेरून बोलला. "काका, रात्रभर चार्जिंगला लावता ना? त्यानेच बॅटरी बसते. आपला फास्ट चार्जर घ्या, फक्त 499. वॉरंटीही त्यावरच ॲक्टिव्ह होते." हे पैसे मात्र आधी, यूपीआयने. चार्जर येईपर्यंत बाबा बिचारे मोबाईलवर गजर लावून 80 टक्क्यांना घड्याळ काढत बसायचे. चार्जर आलाच नाही, नंबर ब्लॉक.

माझा राग घड्याळापेक्षा या दुसऱ्या डावावर जास्त आहे. माल खोटा द्यायचा आणि खापर गिऱ्हाइकाच्या सवयीवर फोडायचं! वयस्कर माणसाला ते लगेच पटतं, कारण "रात्रभर लावू नका" हे त्यांनी आधीच कुठेतरी ऐकलेलं असतं. त्यात तथ्य आहे, पण इतकंच की सतत 100 टक्क्यांवर आणि गरम राहिलेली लिथियम बॅटरी हळूहळू, महिन्या-वर्षांच्या हिशेबाने झिजते. भरली की आतलं सर्किट चार्जिंग थांबवतं. नवी कोरी बॅटरी चार रात्रींत बसत नाही.

आणि रोज चार्ज करावं लागणं हा काही दोष नव्हे. ॲपलनेही आपल्या नेहमीच्या घड्याळाला वर्षानुवर्षं 18 तासच सांगितले. आठ-पंधरा दिवस टिकणारी घड्याळंही मिळतात. ती हुशारी कमी करून वीज वाचवतात. 2000 एमएएच मात्र शुद्ध थाप. अख्ख्या आयफोन 7 ची बॅटरी 1960 एमएएचची होती, ती मनगटावर मावेल का?

शेवटी कोपऱ्यावरच्या मोबाईलवाल्याकडून घड्याळ उघडून घेतलं. पोस्टाच्या तिकिटाएवढी बॅटरी, वर 2000 चा स्टिकर. त्याने नखाने तो सोलला, खाली 180 छापलेलं.

घेण्याआधी खोक्यावरचा बीआयएसचा (भारतीय मानक ब्यूरोचा) नोंदणी क्रमांक ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये टाकून बघा. विक्रेत्याचं कायदेशीर नाव, पत्ता आणि तक्रार अधिकारी साइटवर नसेल, तर पुढे जाऊच नका. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांनुसार ते देणं बंधनकारक आहे. यूपीआयने पैसे गेले असतील तर लगेच 1930 या सायबर हेल्पलाइनला फोन करा, मालाबद्दल तक्रार असेल तर 1915 या ग्राहक हेल्पलाइनला. पार्सलवरचं लेबल आणि चॅट जपून ठेवा. आमच्या लेबलवर पत्त्याच्या जागी नुसतं "गोडाऊन" आणि पिनकोड होता, पण कुरिअरचा ट्रॅकिंग नंबर असल्यामुळे तक्रारीत लिहायला निदान काहीतरी हाताशी होतं.