महापौर ते खासदार: कारकीर्द तपासायची तर कोणतं पोर्टल किती कामाचं

मुरलीधर मोहोळ पुण्याचे महापौर होते, नरेश म्हस्के ठाण्याचे, डॉ. शोभा बच्छाव नाशिकच्या. 2024 मध्ये तिघेही लोकसभेवर निवडून आले. बच्छाव मधल्या काळात आमदार आणि राज्यमंत्रीही होत्या, आणि धुळ्याची जागा त्यांनी अवघ्या 3,831 मतांनी जिंकली. डॉ. भागवत कराड दोनदा औरंगाबादचे महापौर झाले आणि 2020 मध्ये राज्यसभेवर गेले. महापालिकेच्या सभागृहातून संसदेत पोचलेल्या अशा लोकप्रतिनिधीचं काम मतदाराला घरबसल्या तपासता यावं, यासाठी चार मोफत सेवा उपलब्ध आहेत: संसद डॉट इन, पीआरएसचं एमपी ट्रॅक, मायनेता आणि खासदार निधीचं ई-साक्षी. चारही वापरण्यासारख्या आहेत, पण सगळ्यांचा भर दिल्लीवर. माणूस जिथे घडला त्या महापालिकेची बाजू यांत जवळपास कोरी आहे, आणि ते माहीत नसेल तर निष्कर्ष हमखास चुकतो.

सर्वांत उपयोगी संसद डॉट इन. लोकसभा आणि राज्यसभा दोन्हींची माहिती इथे एकाच ठिकाणी आहे. सदस्याच्या पानावर परिचय आणि भूषवलेली पदं सापडतात. परिचयातला मजकूर बहुतेक सदस्याने स्वतः दिलेला असतो, त्यामुळे महापौरपदाची तारीख तिथून उचलण्याआधी पडताळून घ्यावी. खरा ऐवज प्रश्नांच्या विभागात आहे. लोकसभेत एका दिवशी 20 तारांकित (सभागृहात तोंडी उत्तराचे) आणि 230 अतारांकित (लेखी उत्तराचे) प्रश्न यादीत येतात, राज्यसभेत 15 आणि 160. साधारण पंधरा दिवस आधी सूचना द्यावी लागते, प्रत्येक मंत्रालयाचा वार ठरलेला असतो, आणि कोणाचा प्रश्न यादीत वर येणार हे सोडतीवर ठरतं. म्हणजे तारांकित प्रश्नांची संख्या ही मेहनतीइतकीच नशिबाचीही गोष्ट आहे. अमुक खासदाराचे तारांकित प्रश्न कमी म्हणून त्याला आळशी ठरवणं अन्यायाचं आहे.

संख्या बाजूला ठेवून मंत्रालयाची गाळणी लावा. माजी महापौराच्या नावापुढे 'आवास आणि नागरी व्यवहार' मंत्रालय निवडलं की त्याने शहराचे विषय दिल्लीत नेले की नाही, ते पाच मिनिटांत दिसतं. मग एखाददुसऱ्या प्रश्नाची पीडीएफ पूर्ण वाचा. प्रश्नाचे (क), (ख), (ग), (घ) असे भाग असतात. चांगल्या प्रश्नात योजनेचं नाव, शहराचं नाव, कालावधी आणि आकडा या चारही गोष्टी मागितलेल्या असतात: अमृत 2.0 मध्ये या शहराच्या पाणीपुरवठ्याची किती कामं मंजूर, किती रक्कम आली, किती खर्च झाली, उशिराचं कारण काय. कमकुवत प्रश्न 'शहरांच्या विकासासाठी सरकार काय पावलं उचलत आहे' इथेच थांबतो, आणि त्याला उत्तरही तसंच गुळगुळीत मिळतं. ज्याने महापालिकेत निविदा आणि देयकं जवळून पाहिली, त्याला पहिल्या प्रकारचा प्रश्न विचारता येतो. माजी महापौर संसदेत गेल्याचा मतदाराला काही फायदा झाला का, हे इथेच कळतं.

वाचताना दोन गोष्टींनी फसगत होते. पहिली, एकत्र केलेले प्रश्न. एकाच विषयावर अनेकांच्या सूचना आल्या तर त्या जोडल्या जातात आणि एकाच उत्तरावर पाच-सहा नावं येतात. प्रत्येकाच्या खात्यात तो एक प्रश्न म्हणून जमा होतो. शब्दन् शब्द सारखा प्रश्न एकाच पक्षाच्या अनेक सदस्यांच्या नावावर दिसला, तर तो कुठेतरी एकत्र बसून तयार झाला असण्याची शक्यता धरूनच त्याचं मोल करावं. दुसरी, 'हा राज्याचा विषय आहे' हे उत्तर. पाणी, स्वच्छता, जमीन राज्यसूचीत असल्यामुळे केंद्रीय मंत्री पुष्कळदा पहिल्याच वाक्यात हे लिहून मोकळे होतात. यात प्रश्नकर्त्याचं अपयश मानायचं की नाही, ते पुढच्या अधिवेशनावरून ठरवावं. जाणता खासदार त्यानंतर केंद्राच्या वाट्याचा निधी, केंद्राची अट किंवा केंद्राची मंजुरी एवढ्यापुरताच प्रश्न विचारतो.

याच विभागाला लागून एक कोपरा आहे, तिकडे फारच थोडे लोक वळतात: आश्वासनं. मंत्र्याने 'माहिती गोळा केली जात आहे' किंवा 'प्रस्ताव विचाराधीन आहे' असं उत्तर दिलं, तर ते आश्वासन म्हणून नोंदलं जाऊ शकतं आणि तीन महिन्यांत पूर्ण करणं अपेक्षित असतं. शासकीय आश्वासनांची समिती त्याचा पाठपुरावा करते. तुमच्या शहराच्या प्रश्नाचं असं उत्तर आलं असेल तर प्रश्नाचा क्रमांक आणि तारीख टिपून ठेवा. पुढच्या भेटीत खासदाराला विचारायला याहून नेमका मुद्दा मिळणार नाही.

समित्यांच्या बाबतीत पोर्टल मुकं आहे, आणि त्याला कारण आहे. विभागांशी संबंधित 24 स्थायी समित्यांत प्रत्येकी 31 सदस्य असतात, 21 लोकसभेचे आणि 10 राज्यसभेचे. बैठका बंद दाराआड होतात, त्यामुळे कोण काय बोललं ते बाहेर येत नाही. मात्र समितीच्या अहवालाच्या शेवटी बैठकांची इतिवृत्तं जोडलेली असतात, त्यात हजर सदस्यांची नावं असतात. ती मोजली तर समितीतली हजेरी हाती लागते. कंटाळवाणं काम आहे, पण दुसरा मार्ग नाही.

भाषेची अडचण मराठी वाचकाला जाणवते. पोर्टल हिंदी आणि इंग्रजीत आहे. खासदार मराठीत बोलला तर कार्यवाहीत त्या भाषणाचा अनुवाद छापला जातो, मूळ मराठी शब्द तिथे मिळत नाहीत. भाषण ऐकायचं असेल तर संसद टीव्हीचं ध्वनिचित्रमुद्रण शोधावं लागतं. 'ळ' असलेलं आडनाव हिंदी बाजूला 'ल' लावूनही शोधून पाहावं.

आता एमपी ट्रॅक. पीआरएस लेजिस्लेटिव्ह रिसर्च ही संस्था संसदेचीच माहिती घेऊन प्रत्येक खासदाराची हजेरी, चर्चांतला सहभाग, प्रश्न आणि खासगी विधेयकं (मंत्री नसलेल्या सदस्याने मांडलेली) एका पानावर मांडते आणि राज्याच्या व देशाच्या सरासरीशी तुलनाही करून देते. मांडणी इतकी सुटसुटीत की वर्तमानपत्रांतली बहुतेक 'प्रगतिपुस्तकं' इथूनच निघतात. गोंधळही इथूनच सुरू होतो. मंत्री प्रश्न विचारत नाहीत, ते उत्तर देतात. हजेरीपटावर त्यांना सही करावी लागत नाही. चर्चेत ते सरकारच्या वतीने बोलतात, म्हणून पीआरएस त्यांचा सहभाग नोंदवत नाही. मोहोळ 9 जून 2024 ला राज्यमंत्री म्हणून शपथ घेऊन बसले, त्यामुळे त्या दिवसापासून त्यांच्या नावापुढे प्रश्न शोधण्यात अर्थच नाही. त्याच वर्षी निवडून आलेल्या म्हस्के किंवा बच्छाव यांच्याशी त्यांची प्रश्नांवरून तुलना करणारा तक्ता सरळ बाजूला ठेवावा. कराडांच्या बाबतीत तर कारकिर्दीचे तुकडेच पाडावे लागतात: 2020 ते जुलै 2021 साधे सदस्य, तिथून जून 2024 पर्यंत अर्थ राज्यमंत्री, नंतर पुन्हा सदस्य. संपूर्ण मुदतीची सरासरी काढली तर ती कशाचीच सरासरी नसते. मंत्र्याचं काम पाहायचं असेल तर संसद डॉट इनवर उलट्या बाजूने शोधा, त्याच्या मंत्रालयाने दिलेली उत्तरं वाचा.

चर्चांच्या आकड्यातही डोळसपणा हवा. विधेयकावरचं सविस्तर भाषण आणि शून्य प्रहरात मांडलेला दोन मिनिटांचा मुद्दा या दोन्हींची नोंद एकेकच होते. पंचवीस नोंदी दिसल्या की त्या उघडून प्रकार पाहायचा. सगळ्याच रेल्वेथांबा आणि उड्डाणपूल या मागण्या असतील, तर तो खासदार अजून नगरसेवकाच्या सवयीत आहे असं समजायला हरकत नाही. मागण्या वाईट नाहीत, मतदारसंघ त्यासाठीच ओरडत असतो. पण कायदा करणं हे खासदाराचं मुख्य काम आहे, आणि विधेयकांवर तो बोललाच नसेल तर ते ठळकपणे सांगायला हवं. पहिल्या वर्षी सवलत द्यावी, तिसऱ्या वर्षी देऊ नये.

मायनेता असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्स ही संस्था चालवते. उमेदवाराने नमुना 26 मध्ये दिलेलं शपथपत्र वाचून मालमत्ता, देणी, शिक्षण, गुन्हे असे रकाने ती भरून देते. काम मोलाचं आहे, फक्त आकडा वापरण्याआधी मूळ शपथपत्राची स्कॅन प्रत निवडणूक आयोगाच्या पोर्टलवर उघडून पाहावी. मालमत्तेच्या रकान्यात पती-पत्नी आणि अवलंबितांची मालमत्ता मिळून बेरीज असते, आणि ती एकट्या उमेदवाराची म्हणून सर्रास छापली जाते. जमीन आणि घराची किंमत चालू बाजारभावाने वाढली की नवी खरेदी झाली, हे बेरजेवरून कळत नाही. त्यासाठी गट क्रमांक आणि खरेदीची तारीख हे रकाने दोन शपथपत्रांत शेजारी शेजारी ठेवून पाहावे लागतात. माजी महापौराच्या बाबतीत आणखी एक गाठ आहे. महापालिकेची निवडणूक राज्य निवडणूक आयोग घेतो, लोकसभेची भारत निवडणूक आयोग. दोन स्वतंत्र संस्था, दोन स्वतंत्र दप्तरं. नगरसेवक म्हणून दिलेलं शपथपत्र केंद्राच्या पोर्टलवर मिळणार नाही. मायनेतावर काही महापालिकांची माहिती आहे, सगळ्यांची नाही. त्यामुळे 'नगरसेवक असताना इतकी, खासदार झाल्यावर इतकी' अशी तुलना दिसली की पहिला आकडा कुठून आला ते आधी विचारावं.

ई-साक्षी हे खासदार निधीचं पोर्टल 1 एप्रिल 2023 च्या नव्या मार्गदर्शक सूचनांबरोबर आलं. वर्षाला 5 कोटी रुपये, त्यातले किमान 15 टक्के अनुसूचित जातींच्या आणि 7.5 टक्के अनुसूचित जमातींच्या वस्त्यांसाठी. लोकसभेच्या सदस्याने मुख्यतः आपल्या मतदारसंघात कामं सुचवायची, राज्यसभेच्या सदस्याला ज्या राज्यातून निवडून आला तिथला कोणताही जिल्हा मोकळा. मंत्री झाल्यावरही हा निधी बंद होत नाही, म्हणून मंत्री आणि साधा खासदार यांना एकाच मापाने मोजण्याची ही दुर्मीळ जागा. शिफारस, मंजुरी, पूर्णता आणि खर्च हे टप्पे वेगळे वाचा. खासदार फक्त शिफारस करतो. मंजुरी, निविदा, देखरेख जिल्हा प्रशासनाकडे असते. शिफारसच कमी असेल तर दोष खासदाराचा. शिफारस भरपूर आणि मंजुरी अडकलेली असेल तर जिल्हाधिकारी कार्यालयात विचारायचं: जागेचा ताबा नाही, अंदाजपत्रक आलेलं नाही किंवा काम नियमांत बसत नाही, यापैकी एखादं कारण निघतं. 2020-21 साली कोविडमुळे हा निधी स्थगित होता, त्या वर्षाचं शून्य कोणाच्याही माथी मारू नये.

राहिली महापालिकेची बाजू, तिच्यासाठी तयार पोर्टल नाही. तिथे आधी एक गोष्ट पक्की लक्षात घ्यावी: महाराष्ट्रात महापौराच्या हाती कार्यकारी अधिकार नाहीत. ते आयुक्तांकडे असतात, पैशाच्या नाड्या महापालिकेच्या स्थायी समितीकडे, आणि मुदतही अडीच वर्षांची. नगरपरिषदेचा नगराध्यक्ष थेट लोकांतून निवडून येतो तेव्हा त्याचं राजकीय वजन जास्त असतं, पण तिथेही प्रशासन मुख्याधिकारीच चालवतो. म्हणून 'महापौर असताना अमुक पूल बांधला' हे प्रचारपत्रकातलं वाक्य जसंच्या तसं घेऊ नये, आणि 'महापौर असताना खड्डे बुजले नाहीत' हा आरोपही. महापौराचं खरं काम महासभेत, म्हणजे महापालिकेच्या सर्वसाधारण सभेत दिसतं: विषयपत्रिकेवर काय आलं, काय तहकूब झालं, काय दफ्तरी दाखल झालं (म्हणजे निर्णयाविना बाजूला पडलं), समसमान मतं पडली तेव्हा निर्णायक मत कुठे गेलं, आणि मोठे आर्थिक विषय रीतसर आले की आयत्या वेळी घुसवले गेले. मंजूर झालेला ठराव पुढे राज्य सरकारने महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 451 खाली विखंडित, म्हणजे रद्द केला का, तेही पाहायचं. विखंडित ठरावाचंही श्रेय पुढे बिनदिक्कत घेतलं जातं.

हे कागद नगरसचिवांच्या कार्यालयात असतात. काही महापालिकांच्या संकेतस्थळांवर इतिवृत्तं चढवलेली मिळतात. नसतील तर माहिती अधिकाराचा अर्ज करावा: 10 रुपयांचं कोर्ट फी तिकीट, 150 शब्दांची मर्यादा, एका अर्जात एकच विषय. 'महापौरांनी काय काम केलं' असं लिहिलं तर 'माहिती संकलित स्वरूपात उपलब्ध नाही' असं उत्तर येणार. 'अमुक महिन्यापासून अमुक महिन्यापर्यंतच्या सर्वसाधारण सभांची विषयपत्रिका, मंजूर ठरावांची नोंदवही आणि आयत्या वेळच्या विषयांची यादी' असं मागावं. कालावधी सहा महिन्यांहून मोठा ठेवू नये, नाहीतर प्रतींचा खर्च वाढतो, एका पानाला 2 रुपये पडतात. त्यापेक्षा आधी अभिलेख तपासणीची परवानगी मागा. पहिला तास मोफत असतो, आणि नोंदवही समोर उघडली की कोणत्या पानांची प्रत घ्यायची ते तिथेच कळतं. 30 दिवसांत उत्तर आलं नाही तर पुढच्या 30 दिवसांत पहिलं अपील करायचं. अर्जाची पोच त्यासाठी जपून ठेवावी.