पद्मिनी खाली बसवायची, तर ठोकळे घालावे की कमान उतरवावी?

रिकामी प्रीमियर पद्मिनी मोटार मागून टाचा उंचावून उभी असते. चार माणसं बसली, डिकीत सामान पडलं की ती नीट बसते आणि तेव्हाच खरी देखणी दिसते. ते रूप रिकाम्या गाडीलाही हवं, एवढीच माझी हौस होती. मागून दीड इंच आणि पुढून एक इंच खाली, याहून जास्त मला कधी नको होतं. ज्यांना गाडी रस्त्याला टेकवायची आहे त्यांना माझ्या अनुभवाचा फारसा उपयोग होणार नाही. माझी गाडी १९८६ ची आहे, रोज नाही पण आठवड्यातून तीनदा तरी चालते, आणि आर्वी-पुलगाव रस्त्याइतकीच वावराच्या पांदणीतही, म्हणजे शेतातल्या कच्च्या वाटेवरही, चालते. पुढचं सगळं त्या हिशेबाने वाचावं.

काही पर्याय मी लवकरच बाजूला ठेवले. चौदाची चाकं काढून तेराची घातली तर गाडी खाली येते, पण तिच्यासोबत डिफरन्शियल (मागच्या चाकांमधला गिअरचा गोळा) आणि इंजिनाचं ऑइल चेंबरही खाली येतं, आणि स्पीडोमीटर खऱ्यापेक्षा जास्त वेग दाखवायला लागतो. एअर सस्पेन्शन माझ्या खिशाबाहेरचं, आणि बिघडलं तर आमच्याकडे दुरुस्त कोण करणार? कमान म्हणजे मागची पोलादी पाट्यांची स्प्रिंग; तिच्यातला एक पाटा काढून टाकणं सगळ्यात स्वस्त. त्याची शिफारस बरेच मिस्त्री करतात, पण मी कोणालाही तो सल्ला देणार नाही. पाटा काढला की गाडी नुसती खाली येत नाही, मऊही होते. मागे तिघं बसले की गतिरोधकावर मागची दोन चाकं जोडणारा अ‍ॅक्सल बॉडीखालच्या रबरावर आदळतो, आणि काढलेल्या पाट्याचा भार उरलेल्यांवर पडून मुख्य पाटा, सगळे पाटे मधोमध आवळणाऱ्या सेंटर बोल्टजवळ, तुटायची भीती राहते. माझ्या काकांच्या गाडीत अगदी तसंच झालं होतं.

मग उरले दोन: ठोकळे आणि उतरवलेली, म्हणजे बाक कमी केलेली, कमान. मी दोन्ही वापरून पाहिले, ठोकळे आठ महिने आणि कमान आता दोन वर्षं होत आली.

ठोकळ्यांचं आधी सांगतो, कारण त्यांच्या बाजूने बोलण्यासारखं बरंच आहे. पद्मिनीत कमान अ‍ॅक्सलच्या खाली असते. दोघांच्या मध्ये दीड इंचाचा लोखंडी ठोकळा घातला की कमान तेवढी खाली ढकलली जाते आणि तिच्यावर टेकलेली बॉडीही. कमान खालच्या प्लेटसकट वर आवळून धरणारे यू-बोल्ट लांब घ्यावे लागतात, ठोकळ्याचा खुंट सेंटर बोल्टच्या भोकात नेमका बसावा लागतो, बस. एका दुपारचं काम. मूळ पाट्यांना हात लागत नाही, म्हणून गाडीची चाल कंपनीची होती तशीच राहते. ठोकळ्यामुळे जोर देताना अ‍ॅक्सल कमानीला पिळतो असं म्हणतात, आणि ते खरंही आहे, पण चाळीसेक हॉर्सपॉवरच्या इंजिनाला कमान पिळायला जोर कुठून येणार? मला तरी ते कधी जाणवलं नाही. शे-दीडशे किलोमीटर झाल्यावर नट पुन्हा आवळा, एवढं पथ्य. उद्या मन बदललं तर ठोकळे काढले की गाडी मूळ उंचीवर.

कमान उतरवायची म्हणजे दिवस मोडतो. अख्खी कमान सोडवून ट्रकांच्या कमानी करणाऱ्याकडे न्यायची. तो पाटे सुटे करून एकेक थंडच ठोकत त्याचा बाक कमी करतो. मी नागपूरजवळ वाडीला नेली होती आणि सबंध वेळ बाजूला उभा राहिलो. प्रत्येक पाट्याला पंधरा-वीस घाव, मग जमिनीवर खडूने काढलेल्या रेघेवर ठेवून पाहायचं, पुन्हा चार घाव. जाणता कारागीर आखूड पाट्यांचा बाक लांब पाट्यापेक्षा जरासा जास्त ठेवतो, म्हणजे सेंटर बोल्ट आवळला की सगळे पाटे एकमेकांना धरून बसतात. कुणी गॅसने तापवून वाकवायला निघाला तर कमान उचलून घरी या, कारण तापवलेल्या पाट्याचं पाणी उतरतं आणि तो सहा महिन्यांत बसतो. बाक कमी झाला की कमानीची लांबी किंचित वाढते आणि शॅकल, म्हणजे कमानीचं टोक गाडीला जोडणारी हलती कडी, मागे झुकतो. दीड इंचात ते चालून जातं. अडीच-तीन इंच उतरवायचं असेल तर शॅकल कुठवर जातो हे गाडी भरून आधी पाहून घ्या. पाटे सुटे झालेच आहेत तर साफ करून मध्ये ग्रीस भरायला सांगा, नाहीतर कुरकुर चालूच राहते.

चालीत फरक विचाराल तर मला ठोकळ्यांची गाडी किंचित सरस वाटली. उतरवलेली कमान पहिले काही दिवस ताठ लागते. आमच्या काळ्या मातीवरचे रस्ते पावसात फुगतात, उन्हाळ्यात आखडतात, आणि डांबराला लाटा येतात. त्या लाटांवर ठोकळ्यांची गाडी मऊ डोलायची, कमानीची गाडी जरा टणक जाते. गतिरोधकांवर दोन्ही सारख्याच, कारण दोन्हीत अ‍ॅक्सल आणि रबर यांच्यातलं अंतर तेवढंच कमी झालेलं असतं. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाचा गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि फक्त १० सेंटिमीटर उंच असतो. त्यावरून दीड इंच उतरलेली पद्मिनी आरामात जाईल. गावोगावी लोकांनी घातलेले मातीचे, मुरमाचे उंचवटे या मापात बसत नाहीत. तिथे तिरकं घालून एकेक चाक चढवायची सवय दोन्ही प्रकारांत करावीच लागते.

एवढ्यावर निकाल लावला असता तर मी ठोकळेच ठेवले असते. ठरलं ते एका पंक्चरवर.

डिसेंबरात कापसाचा दुसरा वेचा चालू होता. संध्याकाळी वावरातून आई आणि मावशीला घेऊन पांदणीने निघालो. कुणीतरी धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, काट्यांची नवी कुपाटी केली होती आणि बाभळीची एक फांदी चाकोरीत पडली होती. मागचं डावं चाक बसलं. कंपनीचा जॅक बॉडीखाली जिथे लावायचा ती जागा माझ्या गाडीची गंजून भुसभुशीत झाली आहे, आणि इकडच्या पुष्कळ पद्मिन्यांची हीच गत असेल. म्हणून आम्ही नेहमी बॉटल जॅक कमानीच्या प्लेटखाली लावतो. पंक्चरवाला पोरगा मोटारसायकलवर जॅक घेऊन आला, खाली वाकला आणि म्हणाला, “भाऊ, हे काय लोंबून राह्यलं खाली?”

ती यू-बोल्टची प्लेट होती. ठोकळ्याने बॉडी खाली येते, पण कमान, प्लेट, नट आणि बोल्टची टोकं हे सगळंही तेवढंच जमिनीजवळ येतं. चाकात हवा असताना ते लक्षात येत नाही. चाक बसल्यावर जॅकच्या डोक्याला आत शिरायला जागाच उरली नाही. मग विळ्याने माती उकरली. मऊ मातीत जॅकचं बूड रुतलं. ते काढून खाली चपटा दगड घातला, तर त्या दगडाने पुन्हा उंची खाल्ली, म्हणून आणखी उकरलं. आई धुऱ्यावर बसली होती. तिचे गुडघे दुखतात, तिला खाली बसलं की उठता येत नाही, आणि अंधार पडत होता. पाऊण तास लागला चाक उचलायला. त्यानंतर मी लक्ष ठेवून पाहिलं, तर त्या बोल्टांची टोकं पांदणीतल्या गोट्यांना घासून चकचकीत झाली होती आणि एका नटाचे आटे चेपले होते. नट आवळायचं पथ्य सांगितलं ना, ते या चेपलेल्या आट्यांवर कसं पाळायचं?

उतरवलेल्या कमानीत हा प्रश्नच येत नाही. बाक कमी होतो, पण अ‍ॅक्सलखालची प्लेट कंपनीने ठेवली तिथेच राहते. जॅक पूर्वी जात होता तसाच जातो. दोन वर्षांत चार पंक्चर झाले, चारही वेळा दहा मिनिटांत चाक बाहेर. एक अडचण मात्र दोन्हीत आहे: प्लेटखालून उचललं तर मडगार्डची कड चाकाच्या आड येते, म्हणून स्टेपनीतली हवा थोडी सोडून आत सारावी लागते आणि मग भरावी लागते. छोटा पंप डिकीत ठेवा.

तुमची गाडी नागपुरातच फिरत असेल, सिमेंटच्या रस्त्यावर, कोपऱ्यावर ट्रॉली जॅकवाला असेल, तर ठोकळे वाईट नाहीत. कमी खर्चात चाल मूळची राहते. पण गाडी पांदणीत उतरणार असेल तर मी म्हणेन, थोडा त्रास घेऊन कमानच उतरवा.

पुढचं थोडक्यात. पुढच्या कॉइल स्प्रिंगचं एखादं वेटोळं ग्राइंडरने कापणारे बरेच भेटतील. कापलेली स्प्रिंग मूळपेक्षा कडक होते, आणि जॅकवर चढवल्यावर ढिली होऊन जागेवरून सरकू शकते. स्प्रिंग चाक धरणाऱ्या आर्मच्या आतल्या बाजूला बसत असल्याने तिथला एक इंच चाकावर त्याहून जास्त दिसतो, म्हणून अंदाजाने कापणाऱ्यांची गाडी हमखास नाकावर पडते. मी आखूड उंचीच्या नव्या स्प्रिंगा बनवून घेतल्या आणि लगेच अलाइनमेंट केली. ती न करता फिरलात तर टायरची एक कड आधी झिजते. अ‍ॅम्बेसेडरवाल्यांचं पुढचं काम यापेक्षा सोपं, त्यांना टॉर्शन बार (पीळ घेऊन स्प्रिंगचं काम करणारी दांडी) दात्यांवर सरकवून बसवता येतो, कापाकापी लागत नाही. आणि मागून जास्त, पुढून कमी उतरवल्यावर हेडलाइटचा झोत वर जातो, हे मला समोरच्या ट्रकवाल्यांनी डिपर मारमारून सांगितलं. त्याच दिवशी झोत खाली करून घ्या.

कायद्याचंही ध्यानात ठेवा. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ तपशिलात मनाने बदल करता येत नाहीत, आणि पंधरा वर्षांवरच्या गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी तपासणी होऊनच वाढते. म्हणून उलट फिरवता येईल एवढाच बदल करावा असं मला वाटतं. ठोकळ्यांना इथे एक गुण जास्त द्यावा लागेल. मी त्यावर उपाय म्हणून मोडीत निघालेल्या एका पद्मिनीची कमान भंगारातून घेतली आणि ती उतरवली. माझ्या गाडीची मूळ जोडी तेल पाजून, गोणपाटात गुंडाळून गोठ्याच्या आढ्याला टांगली आहे. २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांवरची, मूळ रूपातली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. माझी २०३६ मध्ये पन्नाशीची होईल, तोवर दर पोळ्याला बैलांच्या शिंगांना रंग देताना त्या कमानीलाही तेलाचा हात फिरवतो.