कुळागराकाठच्या घरात लिथियम बॅटरी : नऊ महिन्यांचा अनुभव

गोव्यात सावईवेऱ्याला आमचे घर कुळागराला, म्हणजे माड-पोफळींच्या बागेला, लागून आहे. जून लागला की माडाचे चुडत (झावळी) तारेवर येते आणि लाईट जाते. भर पावसात माणसे येऊन दुरुस्त करतात, दोन तास लाईट टिकते, परत जाते. बाबांना झोपेत सीपॅप, म्हणजे हवेच्या दाबाने श्वास मोकळा ठेवणारे मशीन लागते. त्यामुळे आमच्याकडे बॅटरी ही चैन नव्हे.

आधी 150 एएचची (अँपिअर-तास, म्हणजे साठवण क्षमता) ट्युब्युलर, म्हणजे लेड-ॲसिड बॅटरी होती. दर दोन-अडीच महिन्यांनी डिस्टिल्ड वॉटर घालायचे, टर्मिनलवर पांढरट-निळा थर धरायचा, आई गरम पाणी ओतून जुन्या ब्रशने तो काढायची आणि वर व्हॅसलीन लावायची. आमच्या दमट हवेत महिन्याभरात पुन्हा तेच. मागच्या भिंतीच्या रंगाचे पोपडे निघाले ते वेगळेच.

मे 2025 मध्ये 12.8 व्होल्ट, 100 एएचची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी घेतली. दुकानात सगळे एकच विचारतात, किती तास चालेल? मीही तेच विचारले. पंखे कमी वीज खाणारे बीएलडीसी, बाकी एलईडी, राउटर आणि सीपॅप धरून आमचा भार 150 वॅटच्या आत आहे, त्यावर ती सहा तास सहज जाते. जुनी कागदावर 1800 वॅट-तासांची, पण टिकवायची तर निम्मीच वापरायची, म्हणजे नवी असतानाही पाच तासच.

खरा फरक जुलैत कळला. एका रात्री दहाला लाईट गेली, दोनला आली, चारला परत गेली. ट्युब्युलरला आमचा जुना इन्व्हर्टर 15 अँपिअरने चार्ज करायचा, आणि भरत आली की ती करंट घेणेच कमी करते. अधल्यामधल्या दोन तासांत तिच्या पोटात फारसे काही पडत नसे. नवीन इन्व्हर्टरवर मी चार्जिंग 30 अँपिअरला ठेवले आहे, दोन तासांत जवळजवळ 60 एएच परत. त्या रात्री बाबांचे मशीन सकाळपर्यंत थांबले नाही. गोव्याच्या पावसाळ्यात बॅटरी किती तास चालते यापेक्षा दोनदा लाईट जाण्याच्या मधल्या वेळात ती किती भरते हे बघा, असे मी आता विचारणाऱ्या प्रत्येकाला सांगते.

सुरुवात मात्र वाईट झाली. बसवणाऱ्याने इन्व्हर्टरची सेटिंग ट्युब्युलरवरच ठेवली होती. त्या सेटिंगमध्ये अधूनमधून व्होल्टेज मुद्दाम वर चढवले जाते. या बॅटरीच्या चार सेलना मिळून 14.6 व्होल्टच्या वर जाऊ द्यायचे नसते, म्हणून आतल्या बीएमएसने, म्हणजे बॅटरीची राखण करणाऱ्या सर्किटने, तीनदा बॅटरी बंद केली. फोन केले तर दुकानदार बॅटरीलाच नावे ठेवत राहिला. शेवटी मीच मॅन्युअल काढून मेनू शोधला आणि लिथियमवर आणली. त्यानंतर एकदाही तक्रार नाही. बसवणारा घरातून बाहेर पडण्याआधी ही सेटिंग डोळ्यांनी बघून घ्या.

दुसरी गोष्ट, बॅटरी किती उरली ते दाखवणाऱ्या इन्व्हर्टरवरच्या दांड्यांवर विसंबू नका. लेडचे व्होल्टेज हळूहळू उतरते, त्यावरून अंदाज येतो. ही तासन् तास 13.2 च्या आसपास असते आणि संपत आली की एकदम कोसळते. आम्ही बॅटरीचे ब्लूटूथ ॲप बघतो, 25 टक्के उरले की सीपॅप सोडून सगळे बंद.

वजन जेमतेम 12 किलो, मी एकटीने उचलून माडीवर नेली. जुनी हलवायला दोन माणसे लागायची. पण जुनीचे भंगारात पैसे आले, हिचे येतील याची खात्री इथले भंगारवाले देत नाहीत. किमतीचेही सांगते. मी घेतली तेव्हा लेडवर 28 टक्के जीएसटी होता, 22 सप्टेंबर 2025 पासून तो लिथियमइतकाच 18 झाला, म्हणजे लेड आता आणखी स्वस्त पडते. लाईट क्वचित आणि एकदाच जात असेल तर ट्युब्युलर पुरे. आमच्यासारखी रात्रीतून तीनदा जात असेल तर नाही.

येत्या मेमध्ये हिच्या शेजारी तशीच दुसरी जोडायची आहे, त्याच कंपनीची आणि त्याच क्षमतेची, दोन्ही आधी पूर्ण भरून. फ्रिजही मग तिच्यावरच घेईन.