१९ इंची जुना सीआरटी (काचेच्या नळीचा मॉनिटर) आणि पडद्यावरच्या लहरी: काही महिन्यांच्या वापरानंतर

शॅडो मास्क (पडद्यामागची भोकांची धातूची जाळी) असलेली नळी, डॉट पिच (एकाच रंगाच्या शेजारच्या ठिपक्यांतलं अंतर) ०.२६ मिमी. रोजच्या कामात कित्येक महिने वापरल्यावर रंग आणि फोकसबद्दल तक्रारीला जागा नाही. ताप एकच: राखाडी भागावर उमटणाऱ्या लहरी, म्हणजे मॉइरे.

हा बिघाड नव्हे. चित्राच्या रेषा-पिक्सेलचं एक जाळं आणि मास्कच्या भोकांचं दुसरं, ही एकावर एक पडली की तिसरीच नक्षी दिसते. अंतरं जितकी जवळजवळची, तितके पट्टे रुंद. एका जाळ्याचं अंतर ०.२५ मिमी आणि दुसऱ्याचं ०.२६ असेल तर पट्टा साडेसहा मिमीचा होतो आणि डोळ्यांत खुपतो. तेच ०.२३ आणि ०.२६ असेल तर जेमतेम दोन मिमी, म्हणजे हातभर अंतरावरून नजर सहज सोडून देते. शिवाय किरणाचा ठिपका जितका बारीक, तितकी नक्षी ठळक. म्हणून थकलेल्या, धूसर नळीवर मॉइरे दिसत नाही. ते काही तिचं कौतुक नव्हे.

आधी ओळख पटवा. एकाआड एक काळ्या-पांढऱ्या पिक्सेलची, बुद्धिबळाच्या पटासारखी चौकट पूर्ण पडद्यावर लावा आणि मेनूतून उभा आकार थोडा कमी-जास्त करा. लहरींची रुंदी लगेच बदलली तर मॉइरे. आकार बदलूनही पट्टा तसाच राहून सावकाश वर-खाली सरकत असेल तर तो विजेचा गोंधळ. शेजारचा ट्रान्सफॉर्मर, स्पीकर किंवा अर्थिंग बघा. कोपऱ्यात रंगाचा डाग असेल तर डिगॉस (नळीत साठलेलं चुंबकत्व घालवणारं बटण), आणि लगेच दुसऱ्यांदा नको. आतला थर्मिस्टर (तापला की प्रवाह रोखणारा भाग) थंड व्हायला वीसेक मिनिटं लागतात, तोवर बटण दाबून फारसा परिणाम होत नाही.

उपायात सर्वात जास्त फरक पडतो रेझोल्यूशनने. १६०० × १२०० ला पिक्सेल सुमारे ०.२३ मिमीचा होतो, मास्कच्या ठिपक्याहून बारीक. मेनूत पर्याय आहे म्हणून वापरू नका; अक्षरं मऊ पडतात. १२८० × ९६० ला ८५ हर्ट्झ (सेकंदाला ८५ वेळा चित्र) हा इथे उत्तम मेळ, मात्र मॉनिटरला ८६ किलोहर्ट्झच्या आसपासची आडवी फ्रिक्वेन्सी (सेकंदाला आखायच्या आडव्या रेषांची संख्या) झेपली पाहिजे. १२८० × १०२४ टाळा, कारण ४:३ पडद्यावर वर्तुळ चपटं होतं.

त्यानंतर आकार. मॉनिटर अर्धा तास तापू द्या, कारण थंड असताना चित्राचा आकार किंचित वेगळा असतो आणि केलेली मेहनत वाया जाते. उभा आकार एकेक पायरीने दोन-तीन मिमी इकडे-तिकडे नेला तरी रुंद पट्टे मोडून बारीक होतात. कडेला काळी किनार राहिली तर राहू द्या.

मेनूतलं मॉइरे रिडक्शन सर्वात शेवटी. ते नक्षी पुसत नाही. प्रतिमा आलटून पालटून पिक्सेलच्या अंशाएवढी सरकवतं, म्हणजे नक्षी डोळ्यांत सरासरीने विरते. शून्यापासून सुरू करून नक्षी फिकी पडेल तिथेच थांबा. आणखी वर नेलं की उभ्या दांड्यांच्या कडा थरथरतात आणि दिवसभर मजकूर वाचणाऱ्याचं डोकं धरतं. मजकुराच्या कामासाठी मी ते बंदच ठेवतो, फोटो बघताना थोडं चालू.

जुन्या विंडोजच्या स्क्रोलबारची पट्टी एकाआड एक पिक्सेलचीच असते. विंडोज ९८ मध्ये शटडाउन करताना पडदा तशाच चौकटीने काळवंडतो. तिथे लहरी दिसणारच, त्यावर मॉनिटर नापास करू नका. डेस्कटॉपला मात्र ठिपक्यांची नक्षी न ठेवता एकसारखा रंग द्या.

ट्रिनिट्रॉन पद्धतीच्या नळीत मास्कऐवजी उभ्या तारा असतात, त्यामुळे रेषांमुळे होणारे आडवे पट्टे तिथे नाहीत. उभे मात्र येऊ शकतात. त्याबदल्यात तारा धरून ठेवणाऱ्या एक-दोन आडव्या तारांच्या रेषा पांढऱ्या पडद्यावर कायम दिसतात.

फ्लायबॅकवरचा (नळीसाठी उच्च दाब तयार करणाऱ्या ट्रान्सफॉर्मरवरचा) फोकसचा स्क्रू फिरवून लहरी घालवण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. नक्षी धूसर होते ती अक्षरांसकट, आणि आत वीस हजार व्होल्टच्या वरचा दाब असतो, जो प्लग काढल्यावरही नळीत टिकून राहू शकतो.